साइड पॅनल का निसटते?



आपल्या अनेक व्यापारी घरांत, वाड्याच्या बोळात किंवा गोदामाच्या कोपऱ्यात, एखादी जुनी मोटारसायकल अजून उभी असते. वसुलीच्या आणि आठवडी बाजाराच्या कित्येक फेऱ्या तिने केलेल्या असतात. घसारा लागून वहीत तिची किंमत नगण्य झाली असली, तरी घरच्यांच्या लेखी ती तशी नसते. म्हणूनच नातवंडे ती पुसूनपासून पुन्हा रस्त्यावर आणतात आणि पहिल्याच महिन्यात तिचे एक साइड पॅनल वाटेत कोठेतरी पडून जाते.

ही हानी वाटते तेवढी किरकोळ नाही. मूळ रंगाचे आणि मूळ घडणीचे पॅनल पुन्हा मिळणे दुरापास्त असते. त्याच्याआड असलेली बॅटरी, तारा आणि एअर फिल्टर धुळीला व पाण्याला उघडे पडतात. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे, धावत्या गाडीवरून उडालेले पॅनल मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या अंगावर किंवा चाकाखाली जाऊ शकते. प्रमादातून घडणारी हिंसा हीच हिंसा, असे आपले शास्त्र मानते. सैल पॅनल ठाऊक असूनही तसेच चालवणे हा प्रमादच होय.

पूर्वीच्या बुलेट किंवा जावा गाड्यांना बाजूस पत्र्याच्या पेट्या असत. 1985 साली आलेल्या हिरो होंडा सीडी 100 सारख्या गाड्यांच्या काळापासून हलके प्लॅस्टिकचे पॅनल घरोघरी पोहोचले. अशा पॅनलच्या मागील बाजूस खुंट्या असतात आणि त्या चौकटीच्या पट्टीत बसवलेल्या रबरी ग्रोमेटमध्ये दाबून बसतात. काही मॉडेलांत जोडीला एखादा स्क्रू किंवा कुलूप असते. तरीही मुख्य पकड रबराचीच. लोखंड आणि प्लॅस्टिक या दोन कठीण वस्तूंमधील हादरा हे मऊ रबर पचवते.

इंजिनाच्या उष्णतेने आणि वयाने रबर कडक होते, आक्रसते, त्याला चिरा पडतात. मग खुंटी छिद्रात हलू लागते, पॅनल खडखडते आणि सततच्या हादऱ्याने खुंटी मुळाशी तडकते. आपण पॅनलला दोष देतो. खरा दोष मात्र काही रुपयांच्या रबराचा असतो. अशा वेळी दोरी गुंडाळणे, चिकटपट्टी लावणे किंवा पॅनलला भोक पाडून स्क्रू ठोकणे हे उपाय योग्य नव्हेत. स्क्रूने हादरा थेट प्लॅस्टिकवर येतो आणि भोकापासून चीर धावते.

प्रथम सर्व ग्रोमेट एकदम बदलावेत. एकच बदलला, तर भार असमान पडतो. दुकानात जाताना जुना ग्रोमेट सोबत न्यावा. नव्याचे आतील छिद्र खुंटीला घट्ट आणि बाहेरील खाच पट्टीच्या जाडीला बरोबर बसली पाहिजे. चौकटीची पट्टी वाकलेली असल्यास ती आधी सरळ करावी. बसवताना रबराला साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. त्याने साधे रबर फुगून खराब होते. सर्व खुंट्या छिद्रांसमोर आणून प्रत्येक खुंटीच्या जागी तळहाताने दाबावे. बुक्की मारू नये.

काढतानाही तीच दक्षता हवी. कडेला धरून हिसका न देता, खुंटीच्या अगदी जवळ बोटे घालून, एकेक खुंटी सरळ बाहेर ओढावी. खुंट्या केवळ प्रवासातच नव्हे, तर गॅरेजमधील घाईतही मोडतात. मुनींच्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना राखायची सावधानता. तिचा हेतू जीवरक्षेचा आहे. पण तिने लागलेली हाताची सवय गृहस्थाच्या अशा साध्या कामातही उपयोगी पडते.

खुंटी मोडलीच, तर झटपट चिकटणाऱ्या गोंदावर विसंबू नये. तो कडक होऊन हादऱ्याने सुटतो. प्लॅस्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडून रुंद बुडाची खुंटी बसवून घ्यावी. जादा खबरदारी म्हणून पॅनलच्या आतील बाजूपासून चौकटीपर्यंत नायलॉनची आखूड दोरी बांधावी. ती सायलेन्सर आणि चेन यांपासून दूर असावी. पॅनल सुटलेच, तरी लोंबेल; रस्त्यावर पडणार नाही.

आपल्या व्यवसायातील एक सवयही तपासून पाहावी. मालाच्या पिशव्या पॅनलवर टेकतात आणि सामान बांधायच्या रबरी पट्ट्यांचे आकडे अनेकदा त्याच्याच कडेला अडकवले जातात. त्या ओढीने नवे ग्रोमेटही लवकर ढिले होतात. आकडे कॅरिअरच्या लोखंडालाच लावावेत.

पावसाळ्यातील खड्डे गाडीचा प्रत्येक जोड हलवतात. म्हणून चातुर्मास संपला की इंजिन सुरू ठेवून दोन्ही पॅनलांवर बोटे टेकवून पाहावीत. खडखड जाणवली, तर गाडी बाहेर काढण्यापूर्वी रबर बदलावे.