कारखाना आजारी, शेतकरी बुडव्या



सोसायटीच्या भिंतीवर नावांची यादी लागते, तिचे नाव 'थकबाकीदार'. बँकेचा वसुली अधिकारी खाजगीत बोलताना आणखी सोपा शब्द वापरतो – 'बुडव्या'. हीच अवस्था एखाद्या कारखान्याची झाली की भाषा एकदम बदलते. १९८५ साली संसदेने अशा कारखान्यांसाठी कायदा केला, त्यात त्यांना नाव दिले 'आजारी कंपनी'. आजाऱ्याला औषध लागते म्हणून १९८७ पासून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ नावाचा दवाखानाही सुरू झाला. तो तीस वर्षे चालला. आजारी शेत हा शब्द मात्र कुठल्याही कायद्यात सापडायचा नाही.

मागच्या महिन्यात एका गावी बैठक झाली. एक म्हातारे बाबा मागे बसले होते. सगळे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "साहेब, कंपनीचं दिवाळं निघालं म्हणता, मग नेमकं बुडालं कोण?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर आपल्या चळवळीतल्या बहुतेकांना नीट देता येत नाही. आपल्या सभांत टाळ्या घेणारे एक वाक्य ठरलेले आहे : उद्योगपतींची लाखो कोटींची कर्जे माफ केली, मग आमची का नाही? हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर लढा उभा केला की समोरचा हुशार माणूस उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवून आपल्याला गप्प करतो. म्हणून आधी ते अर्धे समजून घेऊ.

बँक जुने थकलेले कर्ज वहीतून काढते, त्याला निर्लेखन म्हणतात. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुलीचा हक्क शिल्लक राहतो. खरी तूट पडते ती दिवाळखोरीत. १९८५ च्या कायद्याचा दवाखाना इतका गोगलगायीचा निघाला की रोगी मेल्यावर औषधाची चिठ्ठी यायची. तो डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला आणि त्याच महिन्यात नादारी व दिवाळखोरी संहितेखाली कंपन्यांची प्रकरणे सुरू झाली. ही संहिता काय करते ते शेतकऱ्याने बारकाईने वाचण्याजोगे आहे.

कंपनीचे प्रकरण न्यायाधिकरणात दाखल करून घेतले की त्या दिवशी सगळी वसुली थांबते. दावे थांबतात, जप्ती थांबते, देणे किती ते त्या तारखेला गोठवले जाते. कंपनीचा कारभार जुन्या संचालकांच्या हातून काढून एका नेमलेल्या व्यावसायिकाकडे देतात. त्याचे पहिले काम वसुली नाही, कारखाना चालू ठेवणे हे आहे. भट्टी विझली, कामगार पांगले, गिऱ्हाईक तुटले की उरते ते भंगार, हे कायद्याने ओळखले आहे. कारखाना चालवायला या काळात नवा पैसा लागला तर तो देणाऱ्याचा नंबर वसुलीच्या रांगेत सगळ्यात आधी. जुन्या धनकोंनी मागे उभे राहायचे. मग धनकोंची समिती बसते, खरेदीदार येतात आणि ६६ टक्के मतांनी एक योजना मंजूर होते. मुदत कागदावर ३३० दिवस. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून कितीतरी जास्त लागते, तो भाग वेगळा.

सोयाबीनचे तेल काढणारी रुची सोया आपल्याला माहीत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तिचे प्रकरण दाखल झाले. बँकांचे येणे सुमारे ९,३०० कोटींचे. दोन वर्षे कंपनी या कायद्याच्या छत्राखाली राहिली आणि २०१९ मध्ये पतंजलीने ती ४,३५० कोटींना घेतली. तीही मोठी रक्कम पुन्हा बँकांकडूनच कर्जाने उभी करून! बँकांनी निम्म्याहून अधिक येण्यावर पाणी सोडले आणि कोणी अर्थशास्त्रज्ञ त्यामुळे पतशिस्त बिघडली म्हणून रडला नाही.

आपल्या मराठवाड्यात वाढलेल्या व्हिडिओकॉनची गोष्ट याहून भारी. समूहातल्या १३ कंपन्यांवर मान्य झालेले देणे सुमारे ६४,८०० कोटी. वेदांत समूहातल्या कंपनीची बोली २,९६२ कोटी, म्हणजे शंभर रुपयांना साडेचार रुपये. बँकांच्या भाषेत या तुटीला 'हेअरकट' म्हणतात. जून २०२१ मध्ये योजना मंजूर करताना न्यायाधिकरणालाच राहवले नाही. हा हेअरकट म्हणायचा की पुरते मुंडण, अशा अर्थाचा शेरा आदेशात आहे. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली, हेही सांगितले पाहिजे. पण त्या योजनेत सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखानदारांच्या वाट्याला काय आले होते? शंभराला पाऊण रुपयाहूनही कमी. माल देऊन पैशाची वाट पाहणारा माणूस या कायद्यात बँकांच्या मागे उभा असतो आणि समितीत त्याला मत नसते. जिनिंगवाल्याला भाव वाढेल या आशेने कापूस उधारीवर टाकणाऱ्यांनी आपली जागा यात ओळखावी. जिनिंग कंपनीचे दिवाळे निघाले तर आपणही त्याच रांगेत.

सगळी प्रकरणे व्हिडिओकॉनसारखी नसतात. योजना मंजूर झालेल्या कंपन्यांचा एकूण हिशेब पाहिला तर धनकोंना शंभरातले साधारण बत्तीस-तेहतीस रुपये मिळाले आहेत. म्हणजे सरासरीने दोन तृतीयांश येणे बुडाले. बाबांच्या प्रश्नाचे हे उत्तर : बुडाल्या त्या बँका, बुडाले पुरवठादार आणि भागधारक. जुना मालक कंपनीवरून गेला. नोव्हेंबर २०१७ च्या दुरुस्तीनंतर कर्ज थकवलेल्या मालकाला, काही मोजके अपवाद सोडले तर, आपलीच कंपनी स्वस्तात परत घेता येत नाही. तेव्हा 'मालकाला माफी दिली' हे म्हणणे टिकत नाही. कारखाना मात्र वाचला.

या कायद्यामागचा विचार मला मान्य आहे, अगदी मनापासून मान्य आहे. धंद्यात जोखीम असते. नुकसान झाले म्हणजे चोरी केली असे नव्हे. कर्ज देणाऱ्यानेही जोखीम घेतलेली असते, म्हणून नुकसान दोघांत वाटले पाहिजे. आणि जे चालू शकते ते मारू नये, चालवावे. आता हीच वाक्ये सहा एकर कोरडवाहूवाल्यासमोर उभे राहून वाचा. यातले एक तरी त्याला लागू होत नाही असे कोण म्हणेल? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, ती काय शेतकऱ्याने पाळली होती? सप्टेंबरात पावसाने दडी मारली आणि ज्वारीची कणसे पोचट राहिली, त्यात कुठली लबाडी?

शेतकऱ्यासाठी काय आहे? पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की पीककर्जाचे पुनर्गठन. सोसायटीचे सचिव त्याला 'रूपांतर' म्हणतात. मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही, हप्ते पडतात, व्याज चालू राहते. नाहीतर ३१ मार्चला सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे आणून खाते नवे-जुने करायचे. आणि मग निवडणुकीच्या तोंडावर येणारी कर्जमाफी. २००८ च्या केंद्राच्या माफीत पूर्ण लाभ दोन हेक्टरच्या आतल्याला. ओलिताचे चार एकर ऊस लावणारा आत, आणि कोरड्या जमिनीचे आठ एकर कापूसवाला बाहेर, त्याने ७५ टक्के भरायचे तेव्हा २५ टक्के सूट. २०१७ ला राज्याने दीड लाखाची मर्यादा घातली, २०१९ ला दोन लाखांची. प्रत्येक वेळी एक तारीख, एक मर्यादा, एक यादी. तारखेच्या अलीकडचा तरला, पलीकडचा बुडाला. सावकाराचा कागद आणि कृषी सेवा केंद्राची उधारी यांना तर या बँकेच्या माफ्यांत जागाच नव्हती.

२०१६ च्या संहितेत गरीब माणसासाठीही एक प्रकरण आहे, 'नव्याने सुरुवात' नावाचे. अटी ऐका. वर्षाचे उत्पन्न ६० हजारांच्या आत, एकूण मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचे राहते घर नसावे. तारण दिलेले कर्ज यात धरायचेच नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो या दारातून आत जाऊच शकत नाही. तेही दार उघडले असते तर गोष्ट! डिसेंबर २०१९ मध्ये यातला कंपन्यांच्या हमीदारांपुरता भाग तेवढा लागू केला, बाकीचा वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला. यापेक्षा इंग्रज बरा म्हणायची वेळ येते. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यानंतर १८७९ च्या दख्खन कायद्यात शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद झाले आणि त्याच्या नादारीची वेगळी तरतूद झाली. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. वऱ्हाड त्यात नव्हता.

अमेरिकेत १९८० नंतर शेतीवर मोठे संकट आले. आधीच्या दहा वर्षांत जमिनीचे भाव फुगले होते, बँकांनी बोलावून कर्जे दिली होती. मग व्याजदर चढले, धान्याचे भाव पडले. आयोवासारख्या राज्यात जमिनीची किंमत निम्म्याहून खाली आली आणि शेतांचे लिलाव सुरू झाले. १९८६ साली त्यांच्या काँग्रेसने दिवाळखोरी कायद्यात फक्त कुटुंबशेतीसाठी बारावे प्रकरण घातले. शेतकरी कोर्टात अर्ज करतो, त्या क्षणी वसुली थांबते. जमीन आणि कारभार त्याच्याच हाती राहतो, कारण शेतात मालक, व्यवस्थापक आणि मजूर एकच माणूस असतो. त्याला काढला तर चालवणार कोण? तो ९० दिवसांत योजना मांडतो, तीन ते पाच वर्षे आपल्या उत्पन्नातून देतो, आणि मुदत पाळली की ठराविक अपवाद सोडून राहिलेले देणे मिटते. बँकांचे मत मागायचे नाही, कोर्ट ठरवते. शेतकऱ्याला मग कोणी कर्ज देणार नाही, अशी ओरड तिथेही झाली. प्रकरण तात्पुरते म्हणून आले होते, २००५ मध्ये ते कायमचे झाले.

हा कायदा उचलून इथे आणावा, असे काही मित्र म्हणतात. मी सावध आहे. तिथे तारण कर्जाची रक्कम जमिनीच्या आजच्या किमतीपर्यंत खाली आणता येते, आणि साध्या धनकोला जमीन विकून जे मिळाले असते त्याहून कमी देता येत नाही. आपल्याकडे उलटे आहे. दोन लाखांच्या कर्जापाठी जमीन असते पंचवीस लाखांची. जमिनीच्या किमतीवर मोजले तर आपला शेतकरी कधी नादार ठरणारच नाही. तो श्रीमंत ठरेल आणि एकर-दोन एकर वीक म्हणून सांगतील. म्हणून आपला माप जमिनीचा भाव हा नको, पिकाची कमाई हा हवा.

समजा सहा एकर आहे, चार पऱ्हाटी, दोन ज्वारी-तूर. बी, खत, फवारणी, निंदण, वेचणी आणि घरखर्च जाऊन बऱ्या वर्षी ३० हजार उरतात. कोरडवाहूत पाचांत दोन वर्षे वाईट धरावीच लागतात, त्या वर्षी शून्य. पाच वर्षांत देता येतील ९० हजार. कर्ज व्याजासकट एक लाख ८० हजार झाले असेल तर निम्मे फिटते, निम्मे बुडते. कंपन्यांच्या हिशेबात बँका दोन तृतीयांश सोडून घरी जातात, मग इथे निम्म्यावर एवढा आकांत का?

याहूनही मला महत्त्वाची वाटते ती नव्या पैशाची गोष्ट. मी शेतकीशास्त्र शिकलो, म्हणून हे ठासून सांगतो : कारखान्याला ३३० दिवस चालतात, शेताला जूनमधले तीन आठवडे असतात. थकबाकीदार म्हणून जूनमध्ये पीककर्ज नाकारले की माणूस उधारीचे बी उचलतो, खत अर्धे टाकतो, पेरणी लांबवतो. जुलैच्या मध्यानंतर टोबलेली पऱ्हाटी किती देते हे तुम्हांला सांगायला नको. ज्या हाताने बँक जुने कर्ज मागते त्याच हाताने ते फेडण्याचे साधन काढून घेते. बुडत्या कंपनीला नवे भांडवल देणारा रांगेत पहिला, हा नियम शेतीला लावला तर जुन्या थकबाकीचा निकाल लागेपर्यंतही त्या वर्षीची पेरणी वेळेवर होईल.

केरळने २००६ मध्ये कायदा करून शेतकरी कर्जमुक्ती आयोग नेमला. २०१८ मध्ये राजू शेट्टींनी लोकसभेत कर्जमुक्तीचे खाजगी विधेयक मांडले होते, ती लोकसभा संपली आणि विधेयकही संपले. मालाला भाव मिळाला तर यातले काहीच लागणार नाही, हे आपले जुने म्हणणे मी विसरलेलो नाही. पण भाव मिळाल्यावरही पाऊस चुकणार आहे, अळी पडणार आहे.

जिल्हा बैठकीत या विषयाला दुपारचे सत्र दिले आहे. येताना बँकेचा किंवा सोसायटीचा खातेउतारा आणा, बोजा असलेला सातबारा आणा, रूपांतर झाले असेल तर त्याचे पत्र आणि मुद्दल किती, व्याज किती याची चिठ्ठी. कृषी केंद्राची आणि सावकाराची उधारी बायकांना नेमकी पाठ असते, तेव्हा मायबहिणींनीही यावे. गावागावांतून पाच-पाच घरांचे पाच वर्षांचे हिशेब जमले की मसुद्यात घालायचा आकडा आपल्याकडे असेल.