रावेरखेडीच्या वाटेवर

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. तेव्हां दोन्ही तीर पायांखालीं घालावयाचे म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चाल होते. नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची, ती कोठेंही ओलांडावयाची नाहीं, आणि रूढीप्रमाणें तीन वर्षें, तीन महिने व तेरा दिवस या कामीं वेंचावयाचे. हल्लीं बहुतेक लोक कांहीं महिन्यांतच आटोपतात. मोटारीनें उरकणारेही पुष्कळ आहेत. त्यांची गोष्ट निराळी. पायीं व एकट्यानें जाणाऱ्याचा एक दिवस कसा जातो, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. कारण आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही लोक या वाटेस लागतात, आणि त्यांस अडणारा खरा प्रश्न पायांचा नसून पोटाचा असतो.

ओंकारेश्वराहून दक्षिण तीरानें पश्चिमेस निघाल्यावर तिसऱ्या दिवशींची ही हकीकत. निमाडची माती काळी व चिवट. पहांटे दंव पडलें कीं ती जोड्यास धरते आणि पाऊल दुप्पट जड होतें. कांठ ओघळींनीं चिरलेला. शंभर पावलें सरळ गेलें कीं घळींत उतरावें, पलीकडे चढावें आणि पुन्हां नदी कोठें आहे तें पाहावें. अशा वाटेवर तासास तीन किलोमीटर झाले तरी पुष्कळ म्हणावयाचे.

सकाळचे दहा वाजले असतील. मिरचीच्या शेताच्या बांधावरून एका बाईनें हांक मारली, "नर्मदे हर, बाबाजी! रोटी खाऊन जा." तिच्या झोपडीस दार म्हणून गोणपाट होतें. आमच्या खिशांत पैसे होते. ज्वारीच्या दोन भाकरी, तूरडाळ व ठेचलेली लाल मिरची तिनें पुढें ठेवली. जेवण झाल्यावर आम्हीं नोट काढली, तों तिनें हात मागें घेतले. "पैसे घेतले तर मीं दुकान मांडलें असें होईल, बाबाजी." तिची सासू हापशीवर पाणी भरीत होती, दोन घागरी आम्हीं आणून ठेवल्या. तेवढें मात्र दोघींनीं करूं दिलें.

आपल्याकडे या अन्नाला कोणी भिक्षा म्हणून नाक मुरडतात. कोणी तें घेतात आणि घरीं परतल्यावर अमुक आश्रमांतला चहा पाणचट होता असें रंगवून सांगतात. (या दुसऱ्या वर्गाचा आम्हांस अधिक कंटाळा आहे.) दोघेही त्या घरांतील पिठाचा डबा पाहत नाहींत. एकटा मनुष्य आला तर घरच्या भाकरींत सामावतो. आठजणांची टोळी आली तर त्याच घरास पुन्हां पीठ मळावें लागतें, आणि नाहीं म्हणण्याची तेथें रीत नाहीं. म्हणून टोळीनें जाणाऱ्यांनीं आपला शिधा आपल्या पाठीवर न्यावा व आपली चूल आपण पेटवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुपारीं रावेरखेडीस पोंचलों. दगडी तटाच्या आवारांत पहिल्या बाजीरावांची समाधि आहे. २८ एप्रिल १७४० रोजीं याच तीरावर ज्वरानें त्यांचा अंत झाला. वयाचीं चाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. उत्तरेच्या स्वाऱ्यांत ज्यांनीं ही नदी कितीदां ओलांडली, ते अखेर तिच्या कांठींच विसावले. आणि परिक्रमावासी तर ती ओलांडणार नाहीं अशी शपथ घेऊन त्यांच्या दारावरून जातो. आम्ही तेथें तासभर बसलों. शनिवारवाड्यापासून हें स्थळ किती दूर आहे तें नकाशावर ध्यानांत येत नाहीं. दोन दिवस पायीं चालून सुजलेल्या घोट्यास मात्र तें चांगलें कळतें, आणि वैशाखाच्या उन्हांत एवढ्या लांब छावणींत आजारी पडणें म्हणजे काय, हेंही थोडेंसें कळतें.

उन्हें कलल्यावर बकावांकडे निघालों. नर्मदेंतील दगडांचीं शिवलिंगें घडविणारें हें गांव. दगड घासण्याचा आवाज गांव दिसण्याच्या आधींच ऐकूं आला. एका ओसरीवर पथारी टाकण्यास जागा मिळाली. घरांत माणसें पुष्कळ होतीं. म्हणून आज आमच्याजवळचें पीठ आम्हीं काढून दिलें, तें त्यांच्या पिठांत मिसळलें आणि सर्वांच्या रोट्या एकाच तव्यावर झाल्या.