सुईला लाजणारे सुशिक्षित

यंदाच्या हिवाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. चिरंजीवांनीं रविवार पेठेंतून लोकरीचें जाड कापड आणलें आणि स्वतःसाठीं कोट हातानें शिवावयास घेतला. भेटीस आलेल्या एका स्नेह्यांनीं विचारलें, "पदवीधर मुलगा, आणि हें शिंप्याचें काम?" दुसऱ्यांनीं हिशेब मांडला: पुण्याची थंडी ती केवढी! पौषांत चार दिवस पहाटे पारा १० अंशांखालीं जातो. तेवढ्यासाठीं, तयार कोट मिळत असतां, महिनाभर डोळे कशाला शिणवावयाचे? दोन्ही आक्षेप सुशिक्षितांचे आहेत. म्हणूनच त्यांचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा. नामदेवांचे अभंग आपण भक्तिभावानें ऐकतों, पण ते शिंपी कुळांतले हें सोयीस्करपणें विसरतों. १८७७ सालच्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका खादीच्या वेषांत गेले, हें मुलांना अभिमानानें सांगतों. आणि त्याच मुलांनीं सुई हातीं धरली कीं आपली प्रतिष्ठा उसवते! १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन निघालें. तेथें स्त्रियांना शिवण शिकविलें तें त्यांनीं स्वतःच्या पायांवर उभें राहावें म्हणून. हा धडा मुलींपुरताच आहे, असें पुरुषांनीं परस्पर ठरवून टाकलें. सदऱ्याचें तुटलेलें बटण घेऊन जो बायकोच्या तोंडाकडे पाहतो, त्यानें स्वावलंबनावर व्याख्यान द्यावें तरी कसें? आम्हीं स्वतः तीस वर्षें हेंच केलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा. हातानें शिवलेला कोट स्वस्त पडत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु किंमत म्हणजे केवळ पहिल्या दिवशीं मोजलेले पैसे काय? शिवणीच्या आंत राखलेल्या जादा कापडाला शिवणाऱ्यांच्या भाषेंत 'माया' म्हणतात. अंग भरलें तर तीच सोडून कपडा सैल करतां येतो. घाऊक तयार होणाऱ्या कपड्यांत कापड वांचविण्यासाठीं ती बहुधा बेताचीच ठेवतात. आणि छातीच्या आंतील ताठ कापड पुष्कळदां टाक्यांनीं न बसवितां उष्णतेनें चिकटवितात. धुलाईंत तें सुटलें कीं वर फुगे येतात, आणि असा कोट दुरुस्त करणें कठीण होऊन बसतें. चिरंजीवांनीं कच्चे टाके घालून कोट दोनदां अंगावर पाहिला, मग टीप घातली. तरी उजवी बाही डावीकडे बसलीच! ती उसवून पुन्हा लावली. चूक उसवतां येते आणि तेंच कापड पुन्हा कामीं येतें, हें आमच्या कॉलेजांतील कोणत्याहि परीक्षेनें त्याला शिकविलें नव्हतें.

यंत्राशीं आमचें वैर नाहीं, शिंप्याशीं तर नाहींच. उलट ज्यानें एका कोटाचीं काजें हातानें केलीं, तो शिंप्याच्या मजुरीवर पुन्हा घासाघीस करणार नाहीं. मुलांच्या हातीं एकदां सुई देण्यास एवढें एक कारण आम्हांस पुरेसें वाटतें. पुढील कार्तिकांत आमचाहि कोट बेतावयाचा आहे. थट्टा करावयाची असल्यास स्नेह्यांनीं अवश्य यावें, मात्र येतांना आपली सुई घेऊन यावें.