विसाव्या वर्षीची परीक्षा, अठराव्या वर्षीचं लग्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी करिअर मार्गदर्शन शिबिरांचं पेव फुटतं. अलीकडे त्यांत 'बँकिंग आणि वित्तीय सेवा' हा विषय हटकून असतो. वक्ते शहरातून येतात, पगाराचे आकडे सांगतात, क्लासची पत्रकं वाटतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांमधून मुलींबरोबर काम करताना अशी कितीतरी शिबिरं मी मागच्या बाकावर बसून ऐकली आहेत. त्यांत सगळं असतं. फक्त समोर बसलेली मुलगी, मुलगी म्हणून नसते. म्हणून मला वाटतं, हे काम क्लासवाल्यांवर सोडून चालणार नाही. ते स्त्री संघटनांनी अंगावर घ्यायला हवं.

आपल्या भागाला पैशाच्या व्यवहाराची परंपरा काही कमी नाही. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली. सांगली बँक १९१६ सालची. विमा कंपनी १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात गेली, युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. या संस्थांनी कितीतरी घरांना पक्की नोकरी दिली. पण 'बँकेतला' म्हटलं की डोळ्यांसमोर यायचा तो कुणाचा तरी बाप, काका, जावई. मुलगी आली ती उशिरा, आणि आली तेव्हाही 'सावलीतली नोकरी, लग्नाला बरी' म्हणून.

याला छेद दिला तो याच सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यानं. म्हसवडच्या बायकांनी चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बायका अंगठा उठवणाऱ्या, म्हणून १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. बायका खचल्या नाहीत. लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांना यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण तिचा अर्थ नीट पाहू या. त्या बायकांकडे हिशेब होता, कागद नव्हता. आज त्यांच्या नातींकडे कागद आहे, दहावीचं प्रमाणपत्र आहे; हिशेब मात्र आपण त्यांच्या हातून काढून घेतो आहोत.

कसा, ते बघा. अकरावी वाणिज्यला गणित सक्तीचं नाही. त्याऐवजी 'चिटणीसाची कार्यपद्धती' घेता येते. तो विषय वाईट नाही. पण मुलींना तो घ्यायला सांगताना कारण दिलं जातं ते असं, 'गणित तुला झेपायचं नाही, टक्केवारी पडेल.' पुढे बँकेच्या परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका समोर येते, तेव्हा ती मुलगी दोन वर्षं गणितापासून तुटलेली असते. आणि हीसुद्धा वाणिज्य शाखा जवळपास आहे, तिथली गोष्ट. अनेक गावांत कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे फक्त कला शाखा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, हे खरं. पण पास मोफत असला तरी संध्याकाळची गाडी वेळेवर नसली की घरचे म्हणतात, पुरे झालं शिक्षण.

यापेक्षा मोठा अडथळा वयाचा आहे. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीला पदवी लागते आणि किमान वय लागतं २० वर्षं. मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय १८. या दोन-तीन वर्षांच्या फटीत आपल्या मुली हरवतात. शिबिरातला वक्ता 'पदवीनंतर परीक्षा द्या' असं सहज सांगून जातो. ती पदवीची वर्षं मुलीला मिळवून कोण देणार? बापाशी, आजीशी, भावकीशी कोण बोलणार? करिअर मार्गदर्शन म्हणजे आमच्याकडे मुख्यतः या तीन वर्षांसाठीची लढाई आहे.

काही गोष्टी आपल्या बाजूच्याही आहेत, पण त्या मुलींपर्यंत पोचत नाहीत. लिपिक भरतीची परीक्षा मराठीतून देता येईल, असा निर्णय केंद्र सरकारनं २०२१ मध्ये घेतला. 'इंग्रजी येत नाही म्हणून बँक नको' म्हणणाऱ्या किती मुलींना हे माहीत आहे? याच भरतीत पुनर्विवाह न केलेल्या विधवा, घटस्फोटित आणि कायद्यानं विभक्त झालेल्या स्त्रियांसाठी वयाची अट सैल आहे. खुल्या गटात ३५, इतर मागासवर्गीयांसाठी ३८ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० वर्षांपर्यंत. ही माहिती आपल्या प्रत्येक समुपदेशन केंद्राच्या भिंतीवर लागायला हवी. घराबाहेर काढलेली पंचविशीतली पदवीधर पोरगी आपल्याकडे येते, तेव्हा पोटगीच्या अर्जाबरोबर हाही अर्ज तिच्या हातात द्यायला हवा.

काही मैत्रिणी विचारतात, ज्या धंद्यानं बायांना कर्जाच्या फासात अडकवलं, त्याच धंद्यात मुलींना का पाठवायचं? प्रश्न रास्त आहे. आठवड्याच्या हप्त्यासाठी दारात बसणारे वसुलीवाले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण म्हणूनच हिशेब येणारी मुलगी हवी, काउंटरच्या आतही आणि बाहेरही.

वर्गात मी एक साधं गणित घालते. आईनं १०,००० रुपये कर्ज घेतलं. एजंट म्हणाला, वर्षाला १२ टक्के, बारा हप्ते. व्याज झालं १,२०० रुपये, महिन्याचा हप्ता साधारण ९३३. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटतंय आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर. उरलेल्या मुद्दलावर मोजलं, तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. हे फळ्यावर मांडलं की वर्ग गप्प होतो. मग एखादी म्हणते, आमच्या आईचं कार्ड उद्या आणू का?

तिथून पुढे नियम शिकवता येतात. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज देणाऱ्यानं सगळा खर्च धरून वार्षिक दर कर्जदाराला समजेल अशा भाषेत लेखी द्यायचा असतो, आणि सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही. हे शिकलेली मुलगी उद्या बँकेत गेली, तर समोरच्या बाईला अडाणी समजणार नाही. नाही गेली, तरी आईची फसवणूक होऊ देणार नाही.

तेव्हा आपण काय करायचं? प्रत्येक गटानं एक शाळा निवडावी. आठवीपासून महिन्याला एक तास हिशेबाचा. दहा वर्षांपुढच्या मुलीला बचत खातं स्वतः चालवता येतं. ते उघडून द्यावं, पासबुक तिच्याच दप्तरात राहावं. बचत गटाची वही कुणाचा तरी मुलगा लिहीत असेल, तर ती गटातल्या मुलींकडे द्यावी. दहावीला गणित सोडू पाहणाऱ्या मुलीच्या घरी एकदा जावं. आणि बारावीनंतरच्या तीन वर्षांसाठी, लग्नाची बोलणी सुरू झाली की पुन्हा जावं. एकटीनं नको, चार-पाच जणींनी मिळून जावं.