झडती लॉकरची की मनाची?

मेसमध्ये पोटभर जेवून आलेला कॅडेट लाइट्स आऊटनंतर कोरड्या मॅगीचे पाकीट का फोडतो? हाऊस प्रिफेक्ट या नात्याने हा आवाज मी रोज ऐकतो. नीट लक्ष दिल्यावर कळले, की रविवारी घरी फोन झाला की लॉकर जास्त उघडतात. टेस्टच्या आदल्या रात्रीही तेच. मॅच जिंकलेल्या रात्री मात्र फरसाणाची कोणाला आठवण होत नाही.

म्हणजे ही भूक पोटाची नाही. घरची आठवण येते, पण सैनिकी शाळेत तसे म्हणायची लाज वाटते. त्यापेक्षा खाणे सोपे. नखे कुरतडणाऱ्यांचेही बहुधा असेच असावे.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे लॉकरची झडती आणि मैदानाला फेऱ्या. पुढच्या आठवड्यात पाकीट गादीखाली जाते. (लपवण्याच्या कलेत मात्र आपण तरबेज होतो!)

व्हिएतनामहून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला होता. तिथे असताना साधारण पाचांपैकी एक जण अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले बहुतेक जण पुन्हा व्यसनात अडकले नाहीत. तिथे हेरॉइन सहज मिळत असे, हे एक कारण होतेच. पण युद्धाचा ताण, कंटाळा आणि घरापासूनचे अंतरही मागे पडले होते. केवळ इच्छाशक्ती कमी म्हणून सवय लागते, हे मला म्हणूनच पटत नाही.

आपल्याला सुट्टीपर्यंत घर मिळणार नाही. पण मनात काय चालले आहे, ते बोलता येते. मी ज्युनिअर्सना सांगतो, पाकीट फोडण्याआधी शेजारच्या कॉटवाल्याला फोनवर काय झाले ते सांगा. सातवीतला एक जण म्हणाला, "आजी आजारी आहे." दोघे बराच वेळ बोलत बसले. पाकीट शेवटी फोडलेच, पण अर्धे उरले.

हाऊस मास्तरांना माझी एक विनंती आहे. रविवारचा फोन रात्री जेवणानंतर न ठेवता दुपारी, खेळाच्या तासाआधी ठेवावा. फोन ठेवल्यावर मुलाला थेट अंधारात कॉटवर जावे लागू नये.