समलिंगींचा प्रश्न ‘चैनीचा’ कोणी ठरवला?

कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात अलीकडे मला ‘इंटरनेट आणि नागरी स्वातंत्र्य’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. बोलण्याच्या ओघात रशिया, इजिप्त, चीन या देशांतील सरकारे समलिंगी स्त्रीपुरुषांच्या मोबाइलमध्ये कशी शिरतात, याचा मी उल्लेख केला. व्याख्यान संपल्यावर एक जुने सहकारी उठले. चाळीस वर्षे कामगार चळवळीत झिजलेला हा माणूस. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. ते म्हणाले, “प्राध्यापक, ऊसतोड कामगार, हमाल, बांधकाम मजूर यांना सोडून ही पोट भरलेल्यांची परदेशी दुखणी तुम्ही इथे कशाला आणता?” सभागृहात हशा पिकला. मी त्या वेळी दिलेले उत्तर तोकडे होते. ते पुरे करणे भाग आहे, कारण तो हशा मला अजून ऐकू येतो.

आमच्या सहकाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण त्यांचे हे वाक्य त्यांच्या आधी केंद्र सरकारने उच्चारलेले आहे. २०२३ साली समलिंगी विवाहाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा ही मागणी शहरी अभिजनांची आहे, असे सरकारने लेखी सांगितले. ज्या सरकारच्या प्रत्येक शब्दात आपण वर्गहित शोधतो, त्याचा हाच एक शब्द आपण तपासणीविना उचलावा, हे मला चमत्कारिक वाटते. त्या खटल्यात विवाहाचा हक्क मिळाला नाही; परंतु समलिंगी असणे ही शहरी किंवा अभिजनांची मिरास नव्हे, एवढे सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात नमूद केले. न्यायालयाला जे दिसले ते आम्हांला दिसू नये काय? २०१३ साली कलम ३७७ पुन्हा जिवंत झाले तेव्हा डाव्या पक्षांनी निषेध केला होता, हे मी विसरलेलो नाही. पण ठराव कागदावर असतो आणि हशा सभागृहात.

आता ‘पोट भरलेल्यां’विषयी. माझा एक जुना विद्यार्थी आखातातील एका शहरात बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर आहे. बी.कॉम.ला माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसे. सुटीवर आला की भेटतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मला आपण समलिंगी असल्याचे सांगितले, आणि पाठोपाठ जे सांगितले ते असे : “सर, परत जायच्या आदल्या रात्री मी फोन कोरा करतो. अ‍ॅप, फोटो, दोन-तीन जणांचे नंबर, सगळे पुसतो. खोलीत आम्ही आठ जण. कोणी सहज फोन हातात घेतला तरी छातीत धस्स होते.” त्याला अटक झालेली नाही, कोणी मारलेले नाही. त्याच्या बाबतीत घडले ते इतकेच की वर्षातले अकरा महिने तो स्वतःविषयी एक अक्षरही बोलत नाही.

त्याच शहरात, त्याच रस्त्यावर, एखाद्या युरोपीय बँकेचा समलिंगी अधिकारी पंचतारांकित हॉटेलात उतरतो. कायदा त्यालाही लागू आहे, आणि क्वचित त्याच्यावरही बडगा पडतो. परंतु त्याच्या खोलीला कुलूप आहे, कंपनीचा वकील आहे, त्याच्या देशाचा वकिलातीत फोन आहे आणि बंद संकेतस्थळे उघडण्यासाठी व्हीपीएन आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा साधनाचा वापर करून गुन्हा केल्यास दंड पाच लाखांपासून वीस लाख दिरहॅमपर्यंत आहे. स्टोअरकीपरच्या पगाराशी ही रक्कम ताडून पाहावी. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. त्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एकांत ही बाजारात विकत मिळणारी वस्तू झाली आहे आणि ज्याला ती परवडत नाही त्याचे सारे खाजगी आयुष्य सहा इंची पडद्यात कोंबलेले असते. सरकारने तो पडदा तपासला की गरिबाजवळ लपवायला दुसरी जागा उरत नाही. ही चैन कशी, ते कोणी तरी मला समजावून द्यावे.

कतारमध्ये २०२२ साली विश्वचषक फुटबॉल सामने झाले, तेव्हा या विषयाचा जगभर गवगवा झाला. युरोपातील सात संघांच्या कर्णधारांनी रंगीत दंडपट्टी बांधण्याचे ठरवले होते. पिवळे कार्ड मिळेल अशी तंबी मिळताच सातांनी ती उतरवून ठेवली! पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्या पट्टीवर रकाने भरले. ज्या नेपाळी, भारतीय, बांगलादेशी मजुरांनी ती मैदाने बांधली त्यांच्यावरही भरले, पण दोन वेगळ्या पानांवर : एका पानावर मजूर, दुसऱ्यावर समलिंगी. त्या मजुरांत समलिंगी कोणी नसेलच, असे दोन्ही पानांनी गृहीत धरले. आमच्या अभ्यासवर्गाने यापेक्षा वेगळे काय केले? स्पर्धेच्या तोंडावर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने कतारमधील समलिंगी व पारलिंगी व्यक्तींना सुरक्षा दलाने पकडून कोठडीत मारहाण केल्याच्या आणि त्यांचे फोन उघडून घेतल्याच्या साक्षी प्रसिद्ध केल्या होत्या. दंडपट्टीच्या गदारोळात त्या हरवल्या.

इजिप्तचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे समलिंगी संबंधांना नाव घेऊन गुन्हा ठरवणारा कायदाच नाही; १९६१ चा वेश्याव्यवसायविरोधी कायदा आणि त्यातला ‘दुराचार’ हा सैल शब्द पोलिसांना पुरतो. मे २००१ मध्ये कैरोत नाईलवरील ‘क्वीन बोट’ या नौकेवर छापा पडला. बावन्न पुरुषांवर खटला चालला, तोही आणीबाणीच्या विशेष न्यायालयात, आणि तेवीस जणांना शिक्षा झाल्या. नौका बंद झाली तेव्हा माणसे इंटरनेटवर गेली. पोलीसही मागोमाग गेले. खोट्या नावाने ओळख वाढवायची, चौकात भेटायला बोलवायचे आणि तिथेच बेड्या घालायच्या, ही तेथली पद्धत आज पंचवीस वर्षांची जुनी आहे. म्हणजे इथे सेन्सॉरला पान कोरे ठेवण्याची गरजच पडत नाही. पान उघडे ठेवायचे आणि वाचायला येईल त्याला धरायचे. १९७५ साली मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो. वर्तमानपत्रातील कोऱ्या जागा आम्ही एकमेकांना दाखवत असू. कोऱ्या जागेला निदान प्रामाणिकपणा होता.

याच कैरोत सप्टेंबर २०१७ मध्ये सारा हेगाझी या तरुणीने एका संगीताच्या जलशात इंद्रधनुषी झेंडा उंचावला. ती समाजवादी होती, डाव्या पक्षाची कार्यकर्ती होती. छायाचित्रे इंटरनेटवर पसरली आणि त्यांवरूनच तिला पकडण्यात आले. तीन महिने तुरुंग, छळ, मग कॅनडात परागंदा जीवन. जून २०२० मध्ये तिने तेथे स्वतःचा अंत करून घेतला. ही मुलगी आमच्या अभ्यासवर्गात आली असती, तर आम्ही तिला कोणत्या बाकावर बसवले असते?

जुन्या सहकाऱ्यांच्या वाक्यातला ‘परदेशी’ हा शब्द अजून राहिलाच आहे. १९३४ साल घ्या. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात स्टालिनच्या राजवटीने पुरुषांमधील समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरवले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ‘पुन्हा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. क्रांतीनंतर झारशाहीचा दंडविधान रद्द झाला आणि १९२२ च्या नव्या विधानात हा गुन्हा घातलाच गेला नव्हता. त्याही आधी, जानेवारी १८९८ मध्ये, जर्मन संसदेत ऑगस्ट बेबेल यांनी समलिंगींना शिक्षा देणारे कलम १७५ रद्द करावे म्हणून भाषण केले होते. कामगारवर्गाच्या त्या महान नेत्याला हा विषय चैनीचा वाटला नव्हता. मे १९३४ मध्ये मॉस्कोत काम करणाऱ्या हॅरी व्हाइट या ब्रिटिश कम्युनिस्ट पत्रकाराने स्टालिनला एक लांबलचक पत्र लिहिले. समलिंगी माणूस पक्षाचा सभासद होण्यास योग्य आहे की नाही, असा सरळ प्रश्न त्यात होता, आणि मार्क्सवादाच्या आधारानेच त्याने युक्तिवाद केला होता. स्टालिनने ते दप्तरी दाखल करण्यास सांगितले आणि लिहिणाऱ्याला मूर्ख व अधःपतित असा शेरा मारला. त्याच महिन्यात गॉर्कीने लेख लिहून समलिंगी संबंधांचे नाते फॅसिझमशी जोडले. आणि त्याच्या वर्षभर आधी बर्लिनमध्ये फॅसिस्टांनी काय केले होते? माग्नुस हिर्शफेल्डच्या लैंगिक विज्ञान संस्थेवर धाड घालून तिची पुस्तके भर चौकात जाळली होती. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशी होता. जगप्रवासात १९३१ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला होता. त्याला पुन्हा मायदेश दिसला नाही. १९३५ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला. एकाने समलिंगींना फॅसिस्ट ठरवले आणि फॅसिस्टांनी त्यांचा ग्रंथसंग्रह जाळला.

त्याच १९३४ च्या वसंतात मुंबईच्या न्यायालयात रघुनाथ धोंडो कर्वे उभे होते. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये त्यांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती, हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीचे ते प्रश्न होते. गुन्हा अश्लीलतेचा. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचे लेखन म्हणजे अश्लीलता नव्हे, माणसाला प्रश्न पडला तर त्याला ज्ञानातून उत्तर मिळाले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. १९३४ साली बाबासाहेबांपाशी रिकामा वेळ फार होता म्हणून त्यांनी हे वकीलपत्र घेतले, असे कोणाला म्हणावयाचे आहे काय? ‘परदेशी’ हा शब्द येथे कसा बसतो तेही पाहावे. परदेशी होता तो कायदा. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात आणले आणि ते निष्प्रभ करण्यास आपल्याला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

रशियात १९९३ मध्ये तो गुन्हा रद्द झाला. वीस वर्षे सरली, आणि २०१३ मध्ये मुलांच्या रक्षणाच्या नावाने ‘प्रचारा’वर बंदी आली, २०२२ मध्ये ती सर्व वयांसाठी झाली, नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. अशा नावाची कोणतीही नोंदलेली संघटना अस्तित्वात नाही, म्हणूनच कोणालाही तिचा सभासद ठरवता येते. ‘प्रचार’ हा शब्द मात्र पुतिन यांची मिरास नव्हे. समलैंगिकतेचे ‘प्रवर्तन’ करण्यास स्थानिक संस्थांना मनाई करणारे कलम २८ मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८८ सालीच आणले होते.

दुसऱ्या बाजूने काही उदारमतवादी मित्र मला सांगतात की सरकारे राहू द्या, बाजार हा प्रश्न सोडवील. अ‍ॅप आले, पर्यटन आले, स्वातंत्र्य पाठोपाठ येईल. हा भाबडेपणा आहे. ग्राइंडर हे अमेरिकन अ‍ॅप घ्या. इजिप्तमधील अटकांचा बोभाटा झाल्यावर २०१४ मध्ये त्याने तेथे माणसाचे अंतर दाखवणे बंद केले, हे मान्य. पण २०१६ ते २०१८ या काळात कुनलुन या चिनी कंपनीने ते एकूण सुमारे साडेचोवीस कोटी डॉलरना टप्प्याटप्प्याने घेतले आणि अमेरिकन सरकारने हरकत घेतल्यावर २०२० मध्ये सुमारे साठ कोटींना विकले. विकली गेली ती कोट्यवधी माणसांची गुपिते. एचआयव्हीसंबंधी माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांकडे जात असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. नॉर्वेच्या नियामकाने २०२१ मध्ये, जाहिरातदारांना माहिती दिल्याबद्दल, साडेसहा कोटी क्रोनर दंड केला. चीनमध्ये याहून स्पष्ट. ‘ब्लूड’ हे चिनी अ‍ॅप २०२० मध्ये नॅस्डॅकवर नोंदले गेले, शेअर विकले गेले, तेव्हा काही जणांनी त्याला मुक्तीची पहाट म्हटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारचा आदेश आला आणि अ‍ॅपलने ते आपल्या चिनी दुकानातून काढून टाकले. आम्ही ज्या देशात धंदा करतो तेथील कायदा पाळतो, एवढेच स्पष्टीकरण. भांडवल कोणाच्या बाजूने लढत नसते.

चीनमधली दुसरी गोष्ट मला अधिक बोधक वाटते. एप्रिल २०१८ मध्ये वेइबो या संकेतस्थळाने समलिंगी विषयावरील मजकूर हटवण्याची मोहीम जाहीर केली. लोकांनी हजारोंनी ‘मी समलिंगी आहे’ असे लिहिण्यास सुरुवात केली. अनेकांच्या आईवडिलांनीही लिहिले. तीन दिवसांत कंपनीने माघार घेतली. हे सामूहिक कृतीने घडले, आणि तिचे महत्त्व आमच्या चळवळीला नव्याने सांगावे लागू नये. पुढे २०२१ मध्ये विद्यापीठांतील गटांची वीचॅट खाती एका रात्रीत नाहीशी झाली, ती गोष्ट वेगळी.

क्यूबाविषयी बोलल्याशिवाय आम्हां मंडळींना सुटका नाही. १९६५ ते १९६८ या काळात तेथे समलिंगींना श्रमछावण्यांत धाडले गेले. फिडेल कास्त्रो यांनी २०१० मध्ये त्याची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. सप्टेंबर २०२२ मध्ये सार्वमताने, सुमारे दोन-तृतीयांश मतांनी, समलिंगी विवाह मान्य करणारी कुटुंबसंहिता संमत झाली. मला त्याचा आनंद झाला. परंतु मे २०१९ मध्ये सरकारी मिरवणूक रद्द झाल्यावर लोकांनी इंटरनेटवरून निरोप देऊन हवानात स्वतःची काढली, ती पोलिसांनी अडवली. देणारा हात सरकारचा असला तर हक्क चालतो, मागणारा आवाज लोकांचा असला तर चालत नाही. ही कसली रीत?

ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या खाणकामगार संपात लंडनच्या समलिंगी तरुणांनी डबे फिरवून पैसे गोळा केले आणि वेल्समधील ड्युलिस खोऱ्यातल्या उपाशी कुटुंबांना दिले. त्यांच्याविषयी खाणकामगार आधी साशंक होते, काही कुचेष्टाही झाली. जून १९८५ मध्ये लंडनच्या मोर्चात मात्र ते आपले बॅनर घेऊन अग्रभागी चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी हक्कांचा ठराव संमत झाला तो खाणकामगार संघटनेच्या मतांनी.

हे सारे मी आमच्या सहकाऱ्यांना पत्राने कळवले आहे. पुढच्या अभ्यासवर्गाची विषयपत्रिका त्यांच्याकडेच आहे. स्थलांतरित मजुरांवरचे सत्र मला द्यावे, अशी मी विनंती केली आहे. त्या सत्रात आखातातल्या त्या आठ जणांच्या खोलीविषयी मी बोलणार आहे. आठांपैकी जो एक बोलत नाही त्याच्याविषयीही बोलेन. माझा विद्यार्थी तेव्हा सुटीवर असेल. तो येईन म्हणाला आहे. सभागृहात पुन्हा तसाच हशा पिकला तर त्याने काय करावे, एवढे मात्र मला त्याला सांगता आलेले नाही.