आदेश येण्याआधीची मिनिटे

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. अशा वेळी वरून निघालेला आदेश खाटेपर्यंत पोहोचत नाही. जे काही ठरवायचे ते टाकीजवळच्या तंत्रज्ञाने आणि वॉर्डातल्या परिचारिकेने. संकटातले पहिले नेते तेच असतात, आणि आपण तयार करत नाही ते नेमके त्यांनाच.

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्याच कुंभमेळ्यात गोदाकाठच्या रामकुंडाच्या वाटेवर ३९ भाविक चेंगरून मेले. अरुंद उतारावर गर्दी तुंबते आहे हे सर्वांत आधी बॅरिकेडजवळच्या पोलिसाला दिसते. मागचा लोंढा रोखण्याचा अधिकार मात्र त्याच्यापासून फार वर असतो.

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष केले, ते योग्यच झाले. पण एका खुर्चीची तयारी म्हणजे जिल्ह्याची तयारी नव्हे. कुंभ येतो बारा वर्षांनी. अधिकाऱ्यांच्या बदल्या त्याच्या कितीतरी आधी होतात. गावात उरतात ते अग्निशमनचे जवान, परिचारिका, घाटावरचे जीवरक्षक, पंचवटीतले दुकानदार.

पुढच्या कुंभाचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला आहे. ऑगस्ट म्हणजे गंगापूर धरणातून विसर्ग सोडण्याचे दिवस. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीने काय केले ते दुतोंड्या मारुतीकडे पाहून पुराचा अंदाज घेणाऱ्या नाशिककरांना सांगायला नको. पर्वणीच्या पहाटे विसर्ग वाढवावा लागला, तर रामकुंड रिकामे करा हा शब्द कोणाचा? जलसंपदा, पोलीस, महापालिका की आखाडे? हे आधी ठरले नसेल तर फोनाफोनीत पाणी पायऱ्या चढेल.

वेळ जाहीर करून, छायाचित्रकार बोलावून घेतलेली रंगीत तालीम इथे कामाची नाही. सराव पूर्वसूचनेशिवाय, रात्री तीनला व्हावा, आणि वरिष्ठांचा फोन मुद्दाम बंद असावा. कनिष्ठाने घाट रिकामा केला आणि पूर आलाच नाही, तर भाविक चिडतील, हे खरे. ती किंमत मोजावी, आणि त्याच्यावर कारवाई होणार नाही याची लेखी हमी आधीच द्यावी. नाहीतर तो वाट पाहत बसेल. घाट रिकामा करण्याचा अधिकार देणाऱ्या आदेशाची प्रत आखाड्यांच्या महंतांकडेही हवी. मिरवणूक निघाल्यावर त्यांची संमती मिळवायला वेळ नसेल.